दुपारी दीड वाजता तुम्ही कुठे असाल?

ताई, रिसॉर्टाचा जेवणाचा प्लॅन घ्यावा की नाही, हा तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकहून तुम्ही सहाजण येताय: तुम्ही दोघं, सासू-सासरे, ९ वर्षांची मुलगी आणि ४ वर्षांचा मुलगा. २२ ते २६ डिसेंबर, दक्षिण गोव्यात वार्क्याला समुद्रालगतचं रिसॉर्ट. नाश्ता खोलीच्या दरातच आहे. रात्रीचं जेवण जोडलं तर मोठ्या माणसामागे दिवसाला १,५०० रुपये जादा, दोन्ही जेवणं जोडली तर २,६००. मुलीचे निम्मे, मुलगा फुकट, कर वेगळे. सासऱ्यांना मधुमेह आहे, सासूबाई शाकाहारी. मिस्टर म्हणतात, एकदाच पैसे भरू आणि डोक्याचा ताप संपवू. तुम्ही म्हणता, गोव्यात जाऊनही रिसॉर्टातच जेवायचं असेल तर तेवढ्यासाठी नाशिक काय वाईट होतं?

आधी माझ्याबद्दल, म्हणजे मी कुठे बसून बोलतेय ते कळेल. मी कणकवलीची. दक्षिण गोव्यातल्या एका रिसॉर्टात चौदा वर्षं फूड कॉस्ट कंट्रोलला होते. किचनमध्ये किती माल आला, किती शिजला, किती पाहुण्यांच्या ताटात गेला आणि किती टाकला, याचा रोजचा हिशेब ठेवायचं काम. मी तिथे स्वयंपाक केला नाही, पण बुफेच्या भाताची उष्टी-खरकटी मोजण्यात माझं तारुण्य गेलं असं म्हटलं तरी चालेल. गेली काही वर्षं ओळखीपाळखीच्या कुटुंबांच्या सहली आखून देते.

तुम्ही दोघं भांडताय ते स्वस्त काय पडेल यावर. पण मला विचाराल तर जेवणाचा प्लॅन घेताना तुम्ही जेवणासोबत एक बंधनही विकत घेता: अमुक वेळेला अमुक जागी हजर राहण्याचं. म्हणून मी कुणालाही पहिला प्रश्न विचारते तो पैशांचा नसतो. रोज दुपारी दीड वाजता तुम्ही कुठे असाल? पूलमध्ये, खोलीत, की पणजीत?

याचं उत्तर ठिकाणावर फार अवलंबून असतं. माथेरानला हॉटेलवाले पूर्वापार माणशी दर सांगतात तो चहा-नाश्ता आणि दोन्ही जेवणं धरून, आणि ते बरोबरच आहे. गाडी दस्तुरी नाक्यावर सोडायची, पुढे पायी, घोड्यावर किंवा छोट्या आगगाडीने. दीड वाजता माणूस फार तर एखाद्या पॉइंटवरून परतत असतो. ताडोब्याला तर वादच नाही. सकाळची सफारी संपवून धुळीने माखलेले तुम्ही परत येता, दुपारची सफारी पुढ्यात असते, आणि गेटाजवळ रिसॉर्टांच्या बाहेर जेवायला फारसं काही नसतं. मालदीवमध्ये एका बेटावर एकच रिसॉर्ट. शेजारच्या हॉटेलात जेवायचं म्हटलं तर बोट लागते, वर बिलावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि जुलै २०२५ पासून १७ टक्के पर्यटन कर. तिथे तिन्ही जेवणांचा प्लॅन डोळे मिटून घ्यावा.

गोवा यातलं काहीच नाही. गोव्यात दर दोन किलोमीटरवर कुणीतरी कुणासाठी तरी शित-कडी, म्हणजे भात-कालवण, रांधत असतं. आणि पहिल्यांदा गोव्याला येणारं नाशिकचं कुटुंब दीड वाजता रिसॉर्टात नसतं. ते जुन्या गोव्याच्या चर्चबाहेर टोप्या विकत घेत असतं, नाहीतर मंगेशीच्या देवळात.

आता तुमचा हिशेब मांडू. दोन्ही जेवणं घेतलीत तर चार मोठ्यांचे १०,४०० आणि मुलीचे १,३००, म्हणजे दिवसाला ११,७००. चार दिवसांचे ४६,८००. खोलीचा दर दिवसाला साडेसात हजारांवर असणार, नाताळात असतोच, म्हणून १८ टक्के जीएसटी धरला की ५५,२२४. हा आकडा मिस्टरांना एकदा मोठ्याने वाचून दाखवा.

पण गंमत पुढे आहे. रिसॉर्टने तुम्हाला सांगितलं असेल की रात्रीच्या जेवणाला १,५००, आणि दुपारचं हवं असेल तर 'फक्त' १,१०० जादा. ऐकायला सवलत वाटते. सहाजणांचं मिळून ते दिवसाला ४,९५० होतं, करासकट ५,८४१. मडगाव-बाणावली पट्ट्यात साध्या हॉटेलात सगळ्यांनी फिश थाळी घेतली, सासूबाईंना शाकाहारी ताट आणि मुलांना डाळ-भात, तर माझ्या अंदाजाने दोन हजारांच्या आसपास बिल होईल. विसवण (सुरमई) किंवा पापलेट वेगळं तळून मागवलंत तर तीन. आणि ते ५,८४१ तुम्ही जेवलात तरच वसूल. नाही गेलात तर पैसे परत मिळत नाहीत.

दुपारचं जेवण इतकं सवलतीत का विकतात, हे आतल्या माणसाला माहीत असतं. आमच्याकडे तिन्ही जेवणं भरलेल्या पाहुण्यांपैकी दुपारी निम्म्याहून थोडेच जास्त यायचे. किचन त्याच हिशेबाने शिजवायचं. कमी लोक, म्हणून कमी पदार्थ, म्हणून रात्रीच्या उरलेल्यातून नवं काहीतरी. कालच्या भाताचा फ्राइड राइस किंवा दहीभात, कालच्या रोस्ट चिकनचं सॅलड, कालच्या ब्रेडचा शाही तुकडा. यात वाईट काही नाही, आपण घरी हेच करतो, आणि चांगल्या किचनात ते नीट थंड करून ठेवलेलं असतं. पण आपण घरी शेजाऱ्याकडून त्याचे पैसे घेत नाही.

बंधनाचं म्हणते ते मी स्वतः भोगलंय. लग्नानंतर काही वर्षांनी सासू-सासऱ्यांना घेऊन मुन्नारला गेलो. मी या धंद्यातली, तरी तिन्ही जेवणांचा प्लॅन घेतला, कारण 'म्हाताऱ्यांना बाहेरचं नको.' मग रोज बारा वाजले की मी ड्रायव्हरच्या पाठी: चला, दीडला बुफे बंद होतो. चहाच्या मळ्यात सासरे रमले होते, त्यांना मी अक्षरशः हाताला धरून गाडीत बसवलं. हॉटेलवर पोचून काय खाल्लं? पनीर बटर मसाला. परतीच्या गाडीत सासरे एवढंच म्हणाले, "सूनबाई, आपण मुन्नार बघायला गेलो होतो की जेवायला?"

तेव्हा दुपारचं जेवण तुम्ही घेऊ नका. इथे मी तुमच्या बाजूने.

रात्रीचं मात्र सरळ नाही, आणि तिथे तुमचे मिस्टर अगदीच चुकलेले नाहीत. तुम्ही गाडी घेऊन येताय की नाही हे लिहिलेलं नाही, आणि निम्मं उत्तर तिथेच अडलंय. नाशिक रोडहून मंगला एक्स्प्रेसने थेट मडगावला उतरणार असाल तर इथे गाडी नसेल. गोव्यात ओला-उबर चालत नाही. गोवा माइल्स नावाचं ॲप आहे, बाकी सगळं स्थानिक टॅक्सीवाल्यांशी ठरवण्यावर. रात्री वार्क्याहून मडगावला जेवायला जाऊन यायचं तर दहा-बारा किलोमीटर जाणं, तेवढंच येणं, आणि मध्ये टॅक्सीवाला थांबणार त्याचे पैसे. ही फेरी निव्वळ जेवणासाठी आहे, म्हणून तिचे पैसे जेवणाच्याच खात्यावर टाका. दिवसा फिरताना मात्र टॅक्सी असतेच, ती जेवणाच्या नावावर घालून बाहेरचं जेवण महाग ठरवू नका. मिस्टर लोक हा हिशेब हमखास असाच करतात!

स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर रात्रीचाही प्लॅन नको. भाड्याने घेतलीत तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तर त्या भानगडीत पडू नका.

सासऱ्यांचा मधुमेह हा दुसरा मुद्दा, आणि माझ्या लेखी सगळ्यांत वजनदार. गोव्यात छोट्या हॉटेलांचं स्वयंपाकघर तीन-साडेतीनला बंद होतं, गावाला वामकुक्षी लागते, आणि संध्याकाळी सात-साडेसातशिवाय चूल पेटत नाही. तुम्ही बीचवर रमलात आणि चार वाजता भूक आठवली तर शॅकवरचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलातले, फ्रेंच फ्राइज हाच आधार. गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला हे परवडत नाही. म्हणून बाहेर जेवायचं तर बारा-साडेबाराला टेबलावर बसायचं, हा नियमच करा. पिशवीत राजगिऱ्याची वडी नको, भाजलेले चणे-शेंगदाणे ठेवा. साखर उतरलीच तर त्या क्षणासाठी डॉक्टरांनी सांगितलेलं गोड वेगळ्या कप्प्यात.

रात्री दमून आल्यावर मात्र सासऱ्यांना साडेसातला, खोलीपासून शंभर पावलांवर गरम जेवण मिळणं याची किंमत मी कमी लेखणार नाही. बुफेत एक अडचण येईल: रोटी-नान मैद्याचे असतात. सकाळी नाश्त्यालाच रेस्टॉरंटच्या कॅप्टनला गाठून सांगा, रात्री गव्हाचे फुलके आणि बिनसाखरेची साधी डाळ लागेल. सकाळी सांगितलं तर बहुतेक किचन करून देतात. रात्री गर्दीत सांगितलंत तर 'हो मॅडम' म्हणतील आणि नान आणतील. बुफे उघडला की पहिल्या अर्ध्या तासात जेवून घ्या. शेगडीवरच्या भांड्यात तासभर राहिलेला मासा रबरासारखा होतो आणि मेयोनीजवाली सॅलडं तेवढा वेळ बाहेर राहिलेली मला तरी आवडत नाहीत.

माशाचं निघालंच आहे तर सांगते. बुफेतला मासा बहुतेक वेळा बासा असतो. काटा नाही, वास नाही, वर्षभर एकाच भावात गोठवलेला मिळतो, म्हणून माझ्यासारख्या हिशेबवालीला तो फार प्रिय. व्हिएतनाममधल्या मेकाँग नदीच्या खोऱ्यातून आलेला किंवा आंध्रातल्या तळ्यात वाढवलेला. खिडकीबाहेर अरबी समुद्र गर्जतोय आणि ताटात तळ्यातला मासा, वर नाव 'गोवन फिश करी'. करीसुद्धा दिल्लीपासून मॉस्कोपर्यंत सगळ्यांना झेपावी म्हणून तिरफळाचा (मिरीसारख्या उग्र मसाल्याचा) वास आणि कोकमाची धार काढलेली. तुम्ही मासे खाणारी माणसं आहात, तर हुमण (माशाचं कालवण), किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), तिसऱ्यांचं सुकं आणि सोलकढी असलेलं ताट एकदा तरी बाहेर खा. बुफेत ते मिळणार नाही.

सासूबाईंची काळजी तुम्हाला वाटते तेवढी करू नका. उलट बुफेतलं शाकाहारी म्हणजे पनीर, मिक्स व्हेज आणि पास्ता. बाहेर गोव्याचं शाकाहारी जेवण निराळंच आहे: खतखतं (मिश्र भाज्यांचं कालवण), मुगा-गाठी (मोडाच्या मुगांचं कालवण), अळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोंडाक म्हणजे रस्सा, अळंब्यांची शाकुती म्हणजे मसालेदार कालवण. हिंदू घरांत सोमवारी मासे शिजत नाहीत, त्यामुळे शाकाहाराचा हात इथल्या बायकांना चांगला आहे. पणजीला गेलात तर कॅफे भोसले किंवा कॅफे टाटोत पातळ भाजी-पाव आणि बन (केळं घातलेल्या गोडसर पुऱ्या) खायला त्यांना घेऊन जा. भांडी वेगळी असण्याबद्दल त्या काटेकोर असतील तर निव्वळ शाकाहारी हॉटेलच शोधा. बुफेतही मासळीचा चमचा भाजीत जातोच, मी पाहिलंय.

आता तुमच्या तारखा. या तारखांमुळे माझं नेहमीचं उत्तर बदलतं. २४ डिसेंबरला बऱ्याच रिसॉर्टांत गाला डिनर, म्हणजे सणाची खास मेजवानी, सक्तीचं असतं. माणशी वेगळे पैसे, आणि ते लहान अक्षरांत लिहिलेलं असतं. तुम्ही रात्रीच्या जेवणाचा प्लॅन घेतलात तर त्या रात्रीचे १,५०० गालातून वजा होतात की दोन्ही भरायचे, हे आधी विचारा. मी दोन्ही तऱ्हा पाहिल्यात. २५ तारखेला गावातली ख्रिस्ती कुटुंबांची छोटी हॉटेलं बरीचशी बंद असतात. त्यांचाही सण आहे. मोठी चालू असतात, पण गर्दीत चार वर्षांच्या मुलाला घेऊन तासभर ताटकळाल.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर नाश्त्याचाच प्लॅन घेतला असता आणि रात्री एकेक करून ठरवल्या असत्या. २२ ला प्रवासाचा शीण, म्हणून रिसॉर्टात. २३ ला फिरून येताना बाहेरच जेवून परत. २४ ला गाला, इलाज नाही. २५ ला पुन्हा रिसॉर्टात. म्हणजे रिसॉर्टाची दोनच जेवणं, तुमच्या दराने करासकट प्रत्येकी ७,९६५. आयत्या वेळी दर थोडा जास्त सांगतील, ते वरचे पैसे मोकळीक म्हणून द्यावेत. पण नाताळात आयत्या वेळी जागाच नाही असंही होतं, म्हणून या दोन रात्री बुकिंग करतानाच ई-मेलवर दरासकट लिहून घ्या. हे, शिवाय एक रात्र आणि चार दुपारी बाहेर, असं सगळं तीस हजारांच्या आसपास बसावं. गाला आणि २३ तारखेची टॅक्सी वेगळी. रिसॉर्ट म्हणालं की सुटी जेवणं नाताळात देतच नाही, तर रात्रीचा प्लॅन घ्या आणि २३ तारखेला त्याऐवजी दुपारचं जेवण चालेल का ते विचारा. आदल्या दिवशी सांगितलं तर अशी अदलाबदल पुष्कळ ठिकाणी करून देतात.

मिस्टरांना पेयांसकट सर्वसमावेशक दर कुणी सुचवला असेल तर तो मुळीच नको. त्या दरात बारमध्ये दिवसभर बसणाऱ्या पाहुण्याची सरासरी घातलेली असते आणि सहाजणांत एकटा माणूस संध्याकाळी दोन बिअर घेणार. गोव्यात दारू तशीही स्वस्त आहे. दुसऱ्यांच्या पेल्याचे पैसे सासूबाईंच्या नावावर कशाला? नुसत्या जेवणाच्या प्लॅनमध्येही बाटलीचं पाणी, ताजा रस, आइसक्रीम धरलंय का ते विचारून घ्या. मुलं असली की बिल तिथेच फुगतं.

कराचं एक लक्षात असू द्या. अशा महागड्या खोल्यांच्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटात जेवणावर १८ टक्के जीएसटी लागतो, बाहेरच्या साध्या हॉटेलात ५ टक्के. सर्व्हिस चार्ज आपल्या देशात कुठेही सक्तीचा नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसं बजावलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. बिलात दिसला तर शांतपणे काढायला सांगा. वाढप्याला द्यायचं ते त्याच्या हातात द्या.

एवढं सांगून एक कबूल करते. तुमची मुलं जर पाण्यातून बाहेरच येणार नसतील, सासू-सासऱ्यांना व्हरांड्यात बसून समुद्र बघायचा असेल, आणि तुम्हालाच चार दिवस 'आज काय करू' या प्रश्नापासून सुट्टी हवी असेल, तर माझा सगळा हिशेब बाजूला ठेवा आणि मिस्टरांचं ऐका. घरात रोज सहाजणांचं रांधणाऱ्या बाईने सुट्टीत ५५ हजार देऊन तो प्रश्न टाळला तर मी तिला उधळी म्हणणार नाही. फक्त ते मिस्टरांनी नाही, तुम्ही ठरवा.

शेवटच्या दिवसाचं राहिलं. २६ ला अकराला खोली सोडाल. त्या दुपारचं जेवण सहसा कुठल्याच प्लॅनमध्ये नसतं. सामान रिसेप्शनवर ठेवून लॉबीत ताटकळू नका. सरळ सामानासकट मडगाव गाठा, बाजाराजवळ जेवा, सासूबाईंना थोडी कोकमं आणि तिरफळं घेऊन द्या. परतीची गाडी किती वाजताची आहे ते कळवलंत तर कुठे जेवायचं तेही सांगेन.